गौतमपुऱ्याचे हिंगोट

इंदुराहून वायव्येस निघालेली सडक देपालपूर मागे टाकून गौतमपुऱ्यास पोहोचते. अंतर साठ किलोमीटरांच्या आतबाहेर. मोटारीने दीड तास पुरे होतो. रतलामकडे जाणाऱ्या लोहमार्गावर गौतमपुरा रोड नावाचे स्थानकही आहे. दिवाळीच्या सुमारास या वाटेने जावे. सोयाबीन कापून झालेले असते, गव्हासाठी काळी जमीन उलथून ठेवलेली असते आणि मैलोगणती डोळ्यांना दुसरा रंग दिसत नाही. चंबळ नदी इथून जवळच वाहते. दरोडेखोरांच्या कथांतून आपण जिला ओळखतो, ती घळींची चंबळ पुढे ग्वाल्हेराकडची. जानापावाच्या डोंगरावरून नुकतीच उतरलेली इथली चंबळ अगदी साधी, शेतकऱ्याच्या घरची वाटावी अशी आहे.

गावही साधेच. अचलेश्वर महादेवाचे जुने देऊळ, देवनारायणाचे स्थान, जैन मंदिरे, बाजाराची एक लांबोडकी गल्ली आणि धान्याची उलाढाल. एरवी या गावी मुद्दाम जावे असे काही आहे, असे इंदूरकर मराठी माणसास सहसा वाटत नाही. नवल याचे की, हे गाव वसविले ते मात्र आपल्याच एका मराठी बाईने. सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावावरून हे गौतमपुरा. खानदेशातील तळोद्याच्या बारगळांची ही लेक. १७३४ साली बाजीरावांनी होळकरांना जी खासगी जहागीर दिली, ती या गौतमाबाईंच्या नावे दिली. पुढे अहिल्याबाईंनी ज्या खासगीच्या बळावर हिंदुस्थानभर घाट आणि देवळे बांधली, तिचे मूळ या सासूबाईंच्या पदरात आहे. सुनेची कीर्ती एवढी मोठी झाली की सासू इतिहासाच्या ओसरीवरच राहून गेली. असो.

या बाईंचा एकुलता एक पुत्र खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात किल्ल्यावरून सुटलेल्या गोळ्याने पडला. पुढची सात वर्षे त्या जगल्या. १७६१ साली, पानिपताच्याच वर्षी, त्या निवर्तल्या. बंदुकीच्या दारूने ज्या मातेचा मुलगा नेला, तिच्याच नावाच्या गावात दरवर्षी दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी शेकडो तरुण एकमेकांवर दारूचे जळते बाण फेकतात. या योगायोगाचा अर्थ लावण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्या गावी गेलो की खंडेरावांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

त्या जळत्या बाणाला इथे हिंगोट म्हणतात, आणि त्या खेळाला हिंगोट युद्ध. कार्तिक शुद्ध प्रतिपदेच्या संध्याकाळी आपल्या घरांत पाट मांडलेले असतात, ओवाळणीची तबके तयार असतात. त्यामुळे इंदूरच्या मराठी मंडळींनी या युद्धाचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातच वाचले. माळव्यात हाच दिवस धोक पडवा म्हणून पाळतात. धोक देणे म्हणजे वडीलधाऱ्यांपुढे वाकणे. सकाळी घरोघर जाऊन धोक द्यायची आणि दिवस मावळला की ढाल घेऊन मैदानात उतरायचे, असा इथला रिवाज. या तालुक्यातील शाळांत आमच्या सेवेची काही वर्षे गेली असल्याने आमच्या घरच्या ओवाळणीला अधूनमधून उशीर होत गेला. घरच्यांनी तो सोसला, हे इथे कृतज्ञतेने नोंदवितो.

हिंगोट म्हणजे काय, ते आधी सांगितले पाहिजे. हिंगोरिया नावाच्या काटेरी झाडाचे हे फळ. आकाराने लिंबाएवढे, कवच मात्र नारळाच्या करवंटीची आठवण करून देणारे. आपल्याकडे या झाडाला हिंगण म्हणतात, फळाला हिंगणबेट. विदर्भातल्या हिंगणघाटाच्या नावात ते आहे. संस्कृतात तेच इंगुदी. शाकुंतल शिकलेल्या वाचकास आठवेल की, दुष्यन्ताला तपोवन जवळ आल्याची खूण पटते ती इंगुदीची फळे फोडून तेलकट झालेल्या दगडांवरून; आणि कुशाग्रांनी तोंड फाटलेल्या हरिणाच्या पाडसाला शकुन्तला लावते ते तेलही इंगुदीचेच. वाल्मीकींचा राम मंदाकिनीकाठी पित्याला पिंड देतो तोही इंगुदीच्या पेंडीचा, कारण वनवासात दुसरे अन्न जवळ नव्हते. तापसतरू असे या झाडाचे आणखी एक नाव आहे. ऋषींच्या झोपडीतला दिवा, जखमेवरचे तेल आणि गरिबाचे अन्न पुरविणाऱ्या या झाडाच्या फळात दारू ठासण्याची कल्पना प्रथम कोणाच्या मनात आली असेल? कालिदासाची उज्जयिनी इथून फार दूर नाही, म्हणून हा प्रश्न अधिकच गमतीचा वाटतो. याच्या गराने रेशमी वस्त्रे धुतात आणि कवचाचे फटाके करतात, हे दोन्ही उपयोग जुन्या लोकांना ठाऊक होते.

फळापासून हत्यार कसे होते ते आम्ही एका वृद्ध शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून पाहिले आहे. नवरात्राच्या आगेमागे, कधी त्याही आधी, घरातील मुले रानातून फळे आणतात. वरचे साल खरवडतात. एका बाजूने भोक पाडून आतील गर लोखंडी सळईने कोरून काढतात. हे काम उतावळ्या माणसाचे नव्हे, कारण कवच तडकले की फळ वाया गेले. मग पोकळ कवचे उन्हात वाळू घालतात. पावसाळा लांबला की या कामाची फार ओढाताण होते. वाळलेल्या कवचात सोरा, गंधक आणि कोळसा यांची घरी कालवलेली दारू भरतात, तोंड पिवळ्या मातीने लिंपतात आणि पेटविण्यापुरते बारीक छिद्र ठेवतात. शेवटी बांबूची कामटी बांधतात. ही कामटी म्हणजे हिंगोटाचे शेपूट. ती नसली तर फळ भुईवर गरगरत राहील. ती आहे म्हणून ते सरळ जाते. निदान जावे अशी अपेक्षा असते. एका लढवय्याच्या झोळीसाठी महिनाभर सगळे घर राबते. कवच कोरणारा एक, दारू भरणारा दुसरा, कामट्या तासणारी म्हातारी तिसरी.

त्या वृद्धाच्या हातावर जुन्या भाजल्याचे पांढरे डाग होते. दारू किती भरायची याचे माप काय, असे आम्ही विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. एक कवच आमच्या तळहातावर ठेवले, ते काढून घेतले, आणि भरलेले दुसरे ठेवले. "समजलं का, माट्साब?" एवढेच म्हणाले. आम्हांस अर्थातच काही समजले नाही. ते समजायला त्या ओसरीवर जन्म घ्यावा लागतो.

पाडव्याला दुपारपासून गावात माणूस मावत नाही. दोन पक्ष असतात. गौतमपुऱ्याचा तुर्रा आणि लागूनच असलेल्या रुणजीचा कलंगी. दोन्ही दळे वाजतगाजत देवनारायणाच्या दर्शनाला जातात आणि तिथून मैदानात समोरासमोर येतात. डोक्यास जाड साफा, अंगात जाडेभरडे कपडे, खांद्याला हिंगोटांनी भरलेली झोळी, एका हातात ढाल, दुसऱ्यात पेटते लाकूड. सूर्य बुडाला की संकेत होतो. पहिला हिंगोट सुटतो तेव्हा फुसकारा ऐकू येतो, मग तांबूस रेघ, आणि समोरच्या रांगेत ढालीवर 'टण्‌' असा आवाज. त्यानंतर मोजदाद राहत नाही. मैदानभर आगीच्या रेघा एकमेकींना छेदतात, काही आकाशात वेड्यावाकड्या चढून विझतात, काही भुईवरून सापासारख्या सरपटतात. गंधकाच्या वासाने घसा धरतो. समोरून आलेला न फुटलेला हिंगोट पायाने दाबून, उचलून, तोच उलट फेकणारेही बहाद्दर असतात. तासा-दीड तासात झोळ्या रिकाम्या होतात आणि युद्ध संपते. मग दोन्हीकडचे लोक गळाभेट घेतात. कोण जिंकले असे तिथे कोणी विचारीत नाही, कारण जिंकण्याची सोयच या खेळात ठेवलेली नाही.

हे युद्ध सुरू कसे झाले याविषयी गावात एकच कथा सांगतात. मोगलांचे घोडेस्वार चालून येत, तेव्हा इथल्या शिपायांनी हिंगोट फेकून घोडे उधळून लावले. पुढे त्या सरावाचा खेळ झाला. कथा ऐकायला सोयीची आहे. तारखा मात्र तिला साथ देत नाहीत. चिमाजी अप्पांनी अमझेऱ्याच्या लढाईत मोगल सुभेदाराचे सैन्य बुडविले ते १७२८ साली, आणि दुराईसराईच्या तहाने माळवा मराठ्यांच्या पदरात पडला तो १७३८ मध्ये. गौतमाबाईंचे गाव उभे राहिले तोवर मोगलांचे स्वार माळव्यातून जवळजवळ निघूनच गेले होते. तेव्हा ही आठवण गावापेक्षा जुनी असेल, नाही तर मागाहून जोडलेली. आमचा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. पण कथेचा एक भाग खोटा म्हणवत नाही. तोंडासमोर ठिणग्या उडवीत येणारी, कुठे वळेल याचा भरवसा नसलेली वस्तू पाहून घोडा उधळतो, हे त्या काळच्या प्रत्येक शिलेदाराला ठाऊक होते.

कारण हिंगोटाचा मोठा भाऊ त्या काळी रणात होताच. मराठी बखरी आणि पत्रे वाचणाऱ्यास 'बाण' हा शब्द वारंवार भेटतो, आणि अनेकदा तो धनुष्याचा बाण नसतो. लोखंडी नळीत दारू ठासून ती बांबूला बांधलेली, असा तो अग्निबाण असे. बाणांच्या कैच्या उंटांवर लादून फौजेबरोबर चालत. ते सोडणारे बाणदार वेगळे असत. पानिपतावर नजीबखान रोहिल्याच्या बाणांनी शिंद्यांच्या पथकांची काय गत केली, ते प्रसिद्ध आहे. म्हैसूरकरांनी ही विद्या सर्वांत पुढे नेली. १७८० साली पोलिलूरच्या लढाईत हैदरअलीच्या बाणांनी इंग्रजांचे दारूचे गाडे पेटले असे सांगतात. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर तिथले बाण विलायतेस गेले, त्यांवरून काँग्रेव्हने आपले रॉकेट बनविले आणि १८०७ मध्ये इंग्रजांनी त्यांच्या साहाय्याने कोपनहेगन जाळले. २०१८ साली कर्नाटकात शिवमोग्गा जिल्ह्यात नगर येथे एका पडक्या विहिरीचा गाळ उपसताना हजारावर बाण सापडले, लोखंडाच्या नळ्यांत दारू अजून भरलेली. अवकाशात यान सोडण्याच्या विद्येचे मूळ शोधत गेले तर वाटेत ती विहीर लागतेच. आणि तिच्या जवळपास कुठे तरी, लोखंड न परवडणाऱ्या शेतकऱ्याच्या हातातले हे हिंगणाचे फळही लागते. नळी लोखंडाची असो वा फळाच्या कवचाची. मागून दारू जळते, पुढे वस्तू धावते आणि बांबूचे शेपूट तिला वाट दाखविते. पदार्थविज्ञानाच्या तासाला न्यूटनचा तिसरा नियम शिकविताना आमचे एक सहकारी फळ्यावर हिंगोटाचे चित्र काढीत. मुलांना तो नियम पुन्हा समजावून सांगावा लागत नसे.

दारूकामाचा नाद मराठी दरबाराला या चंबळेच्याच काठाने लागला असावा, असे म्हणण्यास एक आधार आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील विद्वान प. कृ. गोडे यांनी हिंदुस्थानातील आतषबाजीच्या इतिहासावर १९५३ साली एक छोटे परंतु मोलाचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात पेशव्यांच्या बखरीतील एक प्रसंग दिला आहे. महादजी शिंदे यांनी सवाई माधवरावांना कोट्याच्या दिवाळीचे वर्णन ऐकविले. चार दिवस लक्षावधी दिवे आणि नगराबाहेर दारूची लंका. ऐकून पेशव्यांनाही तशीच लंका पाहण्याची इच्छा झाली आणि पर्वतीच्या पायथ्याशी ती पेटविण्यात आली. कोटा आणि गौतमपुरा एकाच नदीच्या अंगणातले. कोट्याच्या राजाची लंका राजाबरोबर गेली, पर्वतीची पेशव्यांबरोबर. गौतमपुऱ्याचे दारूकाम कोणाच्याच आज्ञेने सुरू झाले नव्हते, म्हणून ते टिकले असावे.

तुर्रा आणि कलंगी ही नावे ऐकताच मराठीचा विद्यार्थी कान टवकारतो. आपल्या शाहिरांतही हेच दोन पक्ष. तुरेवाले शिवाला म्हणजे ब्रह्माला श्रेष्ठ मानणारे, कलगीवाले शक्तीला म्हणजे मायेला. फडावर सवालजबाब रंगत, एकाने कोडे घालावे, दुसऱ्याने उलगडावे, आणि हरलेल्याची डफावरची कलगी किंवा तुरा उतरवून घ्यावा. राजस्थान आणि माळव्यातही तुर्रा-कलंगीची मंडळे आहेत. त्यांच्यात सांगतात की, चंदेरीच्या राजाने तुकनगीर नावाचा गोसावी आणि शाह अली नावाचा फकीर यांची काव्यातील झुंज पाहून आपल्या पगडीचा तुरा एकाला आणि कलगी दुसऱ्याला दिली. कोणी कोणाकडून काय घेतले, हा वाद पंडितांनी घालावा. आम्हांस महत्त्वाचे वाटते ते असे की, शब्दांच्या झुंजीची नावे गौतमपुऱ्याने आगीच्या झुंजीला दिली. तीत सवाल असतो तसा जबाब असतो. समोरचा असल्याशिवाय खेळच नसतो. रुणजी नसेल तर गौतमपुरा कोणावर हिंगोट फेकणार?

इथे थोडे इंदूरच्या घरांकडे वळतो. होळकरशाहीत शिलेदारी केलेल्या कित्येक मराठी कुटुंबांत अगदी परवापरवापर्यंत खंडेनवमीला एखादी जुनी बंदूक पाटावर मांडली जाई. कोणाकडे तोड्याची, कोणाकडे टोपीची, सगळ्या ठासणीच्या. सोबत दारूचे शिंग, गज, जामगीचे वेटोळे. हळदकुंकू वाहायचे, झेंडूचे फूल ठेवायचे, आणि वर्षभरासाठी पुन्हा माळ्यावर. निवडणुका आल्या की परवान्याची हत्यारे ठाण्यात जमा करावी लागतात. शंभर वर्षांत बार न झालेली बंदूक खांद्यावर घेऊन आजोबा टांग्यातून ठाण्याकडे निघाले आहेत, हे दृश्य ज्यांनी पाहिले त्यांना त्यातील विनोद आणि करुणा दोन्ही ठाऊक आहेत. १८१७ च्या डिसेंबरात महिदपुरावर होळकरांचा तोफखाना शेवटपर्यंत लढला, आणि पुढच्याच महिन्यात मंदसोरच्या तहाने सारे संपले. त्या पराभवानंतर आपल्या घरातील हत्यारे हळूहळू पूजेची झाली. ती सुंदर आहेत. नळीवरचे चांदीचे काम, दस्त्यावरची हस्तिदंती नक्षी पाहत राहावी अशी. पण जामगी किती अंतरावर धरायची, दारू ओली आहे की कोरडी हे बोटांनी कसे ओळखायचे, वारा समोरून असला तर काय करायचे, हे सांगणारा हात आता त्या घरांत नाही. महेश्वरच्या राजवाड्यात मांडलेली शस्त्रे पाहताना हेच जाणवते. लोखंड राहिले, हात गेले.

गौतमपुऱ्यात हात राहिले आहेत. जुन्या हत्यारांना मोल आहे ते कशात, असे कोणी विचारले तर आम्ही त्याला त्या वृद्धाच्या ओसरीवर नेऊ. जुने हत्यार करणाराच ते वापरीत असे आणि वापरणारा ते करीत असे. त्याला आपल्या हत्याराचा पल्ला माहीत असे, चूक माहीत असे, आणि ते स्वतःच्या हातात फुटले तर काय होते हेही माहीत असे. शिवाय ते एकटे नसे. हिंगोटाबरोबर ढाल आलीच. कोणाची चामड्याची, कोणाची लाकडी फळीची, कोणाची पत्र्याची. पण ढालीशिवाय मैदानात उतरणे हे लढवय्याला कमीपणा आणणारे मानीत. ज्या हातांनी मारायचे साधन घडविले, त्याच हातांनी आधी वाचण्याचे साधन घडवायचे, हा त्या विद्येतला पहिला धडा होता.

आता जे लिहायचे आहे ते लिहिताना लेखणी अडखळते. २०१७ सालच्या युद्धात जखमी झालेला एक तरुण दगावला. त्यानंतर हे युद्ध बंद करावे अशी याचिका उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठापुढे गेली. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घराच्या उंबऱ्यावर उभे राहून परंपरेचे महत्त्व सांगण्याचा अधिकार कोणालाही नाही, आम्हांसही नाही. दरवर्षी भाजणारे, डोळ्याला इजा होणारे वेगळेच. बंदी मागणाऱ्यांना परंपरेचा कळवळा नाही, असे गावात म्हणतात. ते अन्यायाचे आहे. त्यांनी रुग्णालयातील पाडव्याची रात्र पाहिली आहे.

आणि आम्ही तर शिक्षक. दिवाळीची सुटी संपून शाळा भरते, तेव्हा वर्गात हाताला पट्टी बांधलेली दोन-चार मुले असतातच. अकरावीतला एक मुलगा एकदा डाव्या हाताने उत्तरपत्रिका लिहीत होता. काय झाले असे विचारताच त्याने अभिमानाने सांगितले, "सर, तुर्रा." त्याला रागवावे की त्याची पाठ थोपटावी? आम्ही त्याला इतकेच विचारले की ढाल कोणत्या हातात होती. त्याने खाली पाहिले. ढाल नव्हती. मोबाइल होता, तो चित्रण करीत होता.

आमच्या मते बिघाड इथे आहे. हिंगोट तोच आहे; भोवतीचे नियम गळून पडत चालले आहेत. जुने लढवय्ये सांगतात की पूर्वी झोळीवाल्याने उपास धरलेला असे. आता पुष्कळांच्या तोंडाला दारूचा, म्हणजे बाटलीतल्या दारूचा, वास येतो. नवे तरुण दुसऱ्याने केलेले हिंगोट विकत घेतात. त्यांना ना कवचाची जाडी माहीत, ना भरलेल्या दारूचे वजन. जाळ्या लावूनही प्रेक्षक मैदानात घुसतात. प्रशासन अग्निशामक गाड्या, रुग्णवाहिका आणि पोलीस यांची व्यवस्था ठेवते; ती चोख असते, हे मान्य केले पाहिजे. परंतु पोलिसाने ढाल धरायला शिकवावी अशी अपेक्षा कोणी करू नये. ते काम ओसरीवरच्या वृद्धाचे आहे आणि काही अंशी शाळेचे. अठरा वर्षांखालील मुलगा मैदानात नको. ज्याने स्वतः हिंगोट केला नाही त्याच्या खांद्यास झोळी नको. ढाल आणि साफा नसेल त्याला दोन्ही दळांच्या प्रमुखांनीच माघारी धाडावे. प्यालेल्या माणसाला तर देवनारायणाच्या पायरीवरूनच. एवढे गावाने आपण होऊन केले, तर न्यायालयाला करण्यासारखे फारसे उरणार नाही. गाव हे करणार नसेल, तर बंदी आल्यावर रडण्याचा हक्क त्याला राहणार नाही. हे आमचे मत आम्ही त्या गावातील सभेतही बोललो आहोत. टाळ्या पडल्या नाहीत.

बंदीने काय होईल याचा थोडा अनुभव २०२० साली आलाच. महासाथीमुळे त्या पाडव्याला परवानगी मिळाली नाही. गाव गप्प होते. त्या वृद्धाच्या ओसरीवर कामट्यांची जुडी तशीच पडून होती आणि नातू शिवकाशीची फटाक्यांची पेटी उघडून बसला होता. तोही आनंदात होता, नाही असे नाही. वात पेटवायची, पळायचे आणि दुरून पाहायचे. शिकण्यासारखे त्यात काही नव्हते.

खरे संकट मात्र न्यायालयापेक्षा रानातून येत आहे. हिंगोरियाची झाडे झपाट्याने कमी झाली. सोयाबीनने बांध खाल्ले, सडका रुंद झाल्या, आणि काटेरी झाड कोणाच्या डोळ्यासमोर नको असते. पूर्वी गावाच्या वेशीबाहेर पोती भरून फळे मिळत. आता ती लांबून आणावी लागतात, म्हणून महाग पडतात. म्हणूनच विकतचे हिंगोट आले आणि विकतच्याबरोबर अज्ञान आले. झाड तसे चिवट. पाणी मागत नाही, दुष्काळाला भीत नाही, खडकाळ माळावरही उभे राहते. फळ धरायला पाच ते आठ वर्षे लागतात, एवढाच धीर पाहिजे.

पाडव्याला जाऊ इच्छिणाऱ्यांनी चार वाजेपर्यंत गाव गाठावे, सुती जाड कपडे घालावेत, लहान मुलांना घरी ठेवावे आणि जाळीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे. परतीचे वाहन आधी ठरवून ठेवावे. पण ज्यांना गर्दी सोसत नाही, त्यांनी नवरात्रानंतरच्या एखाद्या रविवारी जावे, आणि गल्लीत कोणत्या ओसरीवर कवचे वाळत घातली आहेत ते पाहत हिंडावे. कोणी तरी बसायला सांगतेच.

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेच्या कुंपणाकडेने मुलांनी हिंगोरियाच्या अकरा बिया लावल्या. सात उगवल्या. दोन शेळ्यांनी खाल्ल्या. उरलेल्या पाचांना आता काटे फुटले आहेत.